खारट आमटी आणि महाराजांचा पहिला घास

मैत्रिणींनो, दुपारी देवळातनं आले ती बसलेच आहे. अंगात त्राण नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

आज आमच्या वाडीत सप्ताहाची सांगता होती. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून आमटीत मीठ दोनदा पडलंय हे कुणाला कळलंच नाही. पंगतीत कीर्तनकार महाराजांनी पहिला घास घेतला, काही बोलले नाहीत. मग सगळी पंगत खाली मान घालून जेवू लागली.

वाढताना शेजारणीनं डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा मी चाखून बघितली. पंगत बघणाऱ्या आप्पांना म्हटलं, "आप्पा, आमटी लई खारट झालीय. पाणी घालून उकळू का?"

"महाराज जेवत्यात न्हवं? तुझीच जीभ लई शानी! गप वाढ."

मी वाढत राहिले.

पंगतीत माझ्या सासूबाईही होत्या. त्यांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. "आत्या, आमटी राहू द्या," म्हटलं, तर म्हणाल्या, "समदी खात्यात, म्या एकटीनं पानात टाकू व्हय?"

हात धुताना महाराजच मला म्हणाले, "माउली, आमटी फार खारट होती हो. पण सगळे गुमान जेवत होते. म्हटलं, आपणच कसं बोलावं?"

आता आत्या डोकं धरून पडल्यात. डॉक्टर यायला निघालेत. मघाशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "महाराजांनी खाल्ली न्हवं? मग मलाच कसं बाधंल?"

त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा.