रुंद पिनचा टॅबलेट आणि मावशीची चाल

टॅबलेट जुना होता. त्याचं चार्जिंगचं भोक आजच्या कुठल्याही फोनसारखं नव्हतं. रुंद, चपटं, त्या एकाच कंपनीचं. मूळ केबल मानेपाशी फाटून तुटली, तेव्हापासून तो बाभुळगावच्या घरी आईच्या कपाटात पडून होता. त्याची गरज कुणाला पडली नव्हती.

त्या वर्षी पडली. जयंतीच्या कार्यक्रमात आईला नेरच्या मावशीचं गाणं म्हणायचं होतं. शब्द मावशीचे, चालही तिचीच. मावशी आता नाही. शब्द आईला पाठ होते, पण शेवटच्या कडव्याला चाल वर चढते ती कुठून, ते काही केल्या आठवेना. मावशीच्या आवाजातलं ते गाणं फक्त या टॅबलेटमध्ये होतं. त्याची दुसरी प्रत कुणी केली नव्हती.

यवतमाळला पहिल्या दुकानदाराने टॅबलेट उलटासुलटा करून पाहिला. "भाऊ, ह्याची पिन आता येत नाही. पुसून भिंतीवर लावा, आरसा होते मस्त." दुसऱ्याने फोनच्या केबलला लावायचा एक जोड दिला. तो इतका सैल बसायचा, की हात काढला की संपलं. शेवटी केबल ऑनलाइन मागवली. ती घट्ट बसली. चार्जर मात्र घरातल्या फोनचाच लावला.

बराच वेळ पडदा काळा होता. मग बॅटरीचं लाल चित्र उमटलं आणि आईने लगेच बटण दाबलं. टॅबलेट सुरू झाला. कोपऱ्यात 'चार्ज होत नाही' असं दिसलं आणि तो बंद पडला. पुन्हा लाल चित्र, पुन्हा बटण, पुन्हा अंधार.

"केबल खोटी निघाली," आई म्हणाली.

केबल खरी होती. चार्जर छोटा होता. तो जेवढी वीज देत होता, तेवढी उजळलेला पडदाच खाऊन टाकत होता. पडदा बंद राहिला तरच बॅटरीत काही साठणार होतं. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबलं.

तेव्हा स्वयंपाकघरातून माझी बहीण बाहेर आली. "काय व आई, विरजण लावलं त त्यात हरघडी बोट घालून पाह्यतं काय तू?"

"विरजणाची गोष्ट अलग हाय."

"काहून अलग? हलवलं की लागत नाही. ठेव तिकडं झाकून!"

आई हसली. तिने स्वतःच टॅबलेटवर टॉवेल टाकला आणि शेजारी निघून गेली. दुपारभर त्याला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी टॉवेल काढला. टॅबलेट सुरू झाला आणि सुरूच राहिला. आधी गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं, मग वाजवलं. मावशीचा आवाज थोडा दूरचा, पण स्वच्छ. शेवटचं कडवं आलं आणि चाल वर चढली, तशी आईने मांडीवर थाप मारली. "अवं, इथून! इथून उचलते ते! मी खालूनच जाऊन राह्यली होती." गाणं संपायच्या आत ती मावशीबरोबर मोठ्याने गात होती.

जयंतीला तिने ते पूर्ण म्हटलं. शेवटच्या कडव्याला आवाज नेमका जिथे चढायला हवा तिथे चढला आणि मंडपातल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. माईकवाल्याने पुढचं नाव पुकारलं, तर बायकांनी त्याला खाली बसवलं. आईने शेवटचं कडवं पुन्हा घेतलं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत.