एम-थ्री सुटल्यावर

‘गणित मला येतं, पेपर येत नाही,’ आरफा मुलाणी एकदा म्हणाली होती.

देहूरोडच्या बरकत मेकॅनिकची ही मुलगी. आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचे सगळे विषय सुटले, फक्त दुसऱ्या वर्षाचं गणित राहिलं. पोरं त्याला एम-थ्री म्हणतात. तेवढ्यापायी डिग्री अडली. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला लागली. गिअरच्या दात्यांची मापं घ्यायची, किती फरक चालेल ती हद्द काढायची, आलेख मांडायचा. खाली सही मात्र डिग्रीवाल्याची. ग्राहक कंपनीचा तसा नियमच होता.

‘एम-थ्री सोडव, दुसऱ्या दिवशी इंजिनिअरची जागा तुझी,’ मॅनेजर उद्धवराव म्हणायचे. कॅन्टीनमध्ये मोठ्याने विचारायचे, ‘काय आरफाबाई, या वेळी किती? बावीस का तेवीस?’ लोक हसायचे. तीही हसायची, आणि कोण कोण हसलं ते लक्षात ठेवायची.

सातव्या खेपेला विषय सुटला. एक्केचाळीस मार्क. निकालाचा कागद घेऊन ती केबिनमध्ये गेली, तर त्या जागेवर उद्धवरावांचा भाचा सुजित आलेला.

‘तुझं आत्ताच तर सुटलंय. घाई काय? आधी याला शिकव जरा.’

तिने शिकवलं. कुठलं बटण दाबायचं, एवढंच. आकडा तसा का येतो, हे सुजितने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. मग राजीनामा दिला, महिन्याच्या नोटिशीचा, आणि शेवटचा दिवस मोजून ग्राहकाच्या ऑडिटवर आणून ठेवला. उद्धवराव निर्धास्त होते. सुजित आहे की!

ऑडिटला आलेल्या योगिनी मॅडमनी आलेखावर बोट ठेवलं. ‘ही वरची रेघ इथेच का? कागदावर काढून दाखवा.’

‘ते सॉफ्टवेअर काढतं, मॅडम,’ सुजित म्हणाला.

‘सही सॉफ्टवेअरची नाहीये. तुमची आहे.’

उद्धवराव धावत बाहेर आले. ओळखपत्र जमा करून आरफा डबा पिशवीत भरत होती.

‘आरफा, बाळा, पाच मिनिटं आत ये. जागा तुझीच. आत्ता लिहून देतो, हवं तर.’

ती थांबली. काचेपलीकडे सुजित कोऱ्या कागदावर पेन टेकवून बसला होता. मान वर करत नव्हता. त्याच्या शेजारी, तेव्हा कॅन्टीनमध्ये हसलेल्यांपैकी तिघे उभे होते, भिंतीकडे बघत. तिने एकेकाचा चेहरा सावकाश पाहून घेतला, मन भरेपर्यंत. मग उद्धवरावांचा. त्यांच्या हातात पेन तयार होतं.

तिने ओढणी सारखी केली, पिशवी खांद्याला लावली आणि गेटबाहेर पडली.