जेवलीस का गं?
दादरच्या फुलबाजारात ओल्या झेंडूचा वास आला की लालबागचे एक वडील आठवतात. घरी "फुलं आणायला जातो" असं सांगून ते एकटेच माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. मुलगा म्हणून वाढवलेल्या त्यांच्या लेकराने आपण मुलगी आहोत असं सांगितल्यापासून घरात सगळ्यांनी अबोला धरला होता, म्हणून ती वडाळ्याला मैत्रिणीकडे राहायला गेली होती. "मॅडम, जन्मभर 'जेवलास का' विचारलं, आता जीभ वळत नाही," ते म्हणाले. बराच वेळ पुटपुटत त्यांनी सराव केला आणि तिथूनच फोन लावला. "जेवलीस का गं?" पलीकडून हुंदका आला, "नाही बाबा, अजून." डोळे पुसत ते थेट वडाळ्याला निघाले. मी माझ्या रिकाम्या घरी परतले. आजही तशीच परतते, आणि त्या मुलीचा मला थोडा हेवा वाटतो.