काळ्या दगडांत हरवलेला काळा दगड

ज्या विभागात मुलं कमी आणि दगड जास्त असतात, तिथे किस्से आपोआप साचतात. तास संपला की चहा, चहा संपला की गप्पा. आमचा वाशीमच्या कॉलेजातला भूगर्भशास्त्र विभाग तसाच होता. सायकल स्टँडमागे दोन खोल्या, चार कपाटं, विभागप्रमुख गावंडे सर आणि त्यांच्या हाताखाली शिकवणारा, त्यांचाच जुना विद्यार्थी मी. आता विभाग बंद झालाय. कपाटं भूगोलवाल्यांनी नेली आणि किस्से माझ्याकडे राहिले.

* * *

गावंडे सरांचा जीव समुद्रात अडकलेला होता. आपल्या वाशीमपासून समुद्र किती लांब, पण सर वर्गात आले की पहिल्या पाच मिनिटांत समुद्राच्या तळाशी!

ते वर्गात दोन सतरंज्या घेऊन यायचे. एक दुसरीखाली सरकवत सांगायचे, "समुद्राचा तळ जुना झाला का थंड होते, जड होते. मंग तो असा वाकून दुसऱ्या तळाच्या खाली जाते. थेट पृथ्वीच्या पोटात."

एकदा अनसिंगच्या एका मुलानं विचारलं, "सर, अनसिंगले समुद्र नाही. मंग हे आमी कायले शिकाचं?"

सर म्हणाले, "अनसिंगले चंद्र तरी कुठी हाये? पाह्यतंच ना तू?"

मुलगा खाली बसला. पुढे तो बँकेत लागला. भेटला की अजूनही सतरंज्यांची आठवण काढतो.

* * *

सरांना मात्र एकच प्रश्न सतावायचा. तळ आज खाली जातोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो पहिल्यांदा वाकला तेव्हा काय झालं? ही सुरुवात कोणी पाहिलेली नाही, कारण खाली गेलेला दगड परत येत नाही.

पण वरच्या तळाला तेव्हा भेगा पडतात आणि त्यांतून लाव्हा येतो. सुरुवातीचा लाव्हा साधा असतो. नंतरच्या लाव्ह्याला खाली गेलेल्या तळातलं पाणी लागलेलं असतं. साधा खाली, पाणी लागलेला वर, असे थर बसतात. क्वचित असा एखादा तुकडा बुडायचा वाचतो आणि डोंगरावर चढून बसतो. मग खालून वर एकेक थर वाचत जायचं, की सुरुवात सापडते.

असा एक डोंगर लडाखमध्ये होता. सर रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं तिथे गेले. पंधरवड्यानं अकोल्याच्या स्टँडवर पोतं घेऊन उतरले आणि वाशीमच्या एसटीत चढले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून पाहिला.

"गुरुजी, काय हाये यात?"

"दगड."

"कुठून आणले?"

"लडाखहून."

कंडक्टरनं खिडकीबाहेरच्या काळ्या माळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आपले काय खराब होते?"

* * *

आपले दगड खराब नव्हते, पण ते जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्याचे. सरांना समुद्राखालचे हवे होते. आणि आता मी ज्या गोष्टीवर येतोय ती सांगताना मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि त्यावर नंबर घालायचा. सरांनी सगळ्यांवर घातला, फक्त सगळ्यात खालच्या लाव्ह्यावर नाही. तो सर्वांत महत्त्वाचा. तपासणीत रंगाचा कणसुद्धा मिसळायला नको, म्हणून तो कोराच ठेवला आणि कापडी पिशवीत घालून नंबर पिशवीवर लिहिला. आतला भाग ताजा राहावा म्हणून त्याचा एक कपचाही तोडला नाही. वर्गात मात्र आम्हाला कायम सांगायचे, "एक तुकडा घरी ठेवत जा."

नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचे होते. शेलूबाजारपर्यंत गावातल्या रफीकची भाड्याची जीप, पुढे बस. शेलूबाजारच्या अलीकडच्या चढावर जीप पंक्चर झाली. आता दुसरा माणूस सावलीत बसला असता किंवा टायर बदलायला हात लावला असता. सर भूगर्भशास्त्राचे! रस्त्यासाठी टेकडी कापली होती. ते भिंग काढून त्या कापलेल्या भिंतीला नाक लावून उभे राहिले.

मागे रफीकनं चाकाखाली लावायला दगड शोधला. रस्त्याकडचे सगळे गोल, घसरत होते. त्यानं पोत्यात हात घातला.

नागपुरात पोतं उघडलं तेव्हा पिशवी होती, पण रिकामी.

दुसऱ्या दिवशी सरांनी रफीकला गाठलं. तो बिचारा खरं तेच बोलला. "सायेब, तुमचा गोटा चपटा होता, लय मस्त बसला. टायर बदलला अन् पायानं ढकलून देला खाली. पिशवीनं हात पुसले अन् पोत्यात टाकली. माले काय मालूम, गोटा पायजे होता?"

सर त्याला रागावले नाहीत. मला म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्यावर मीच काही लिवलं नव्हतं."

* * *

त्यानंतर आमची प्रत्येक शैक्षणिक सहल त्याच चढावर गेली. मुलं अजिंठा म्हणायची, लोणार म्हणायची. सर म्हणायचे, "आधी शेलूबाजारचा चढ."

एकदा उताराखालच्या तुरीच्या शेतातून एक शेतकरी बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी बांधावर आला.

"काय हरपलं, गुरुजी?"

"दगड."

"कसा होता?"

"काळा."

त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या वावराकडे. मग अगदी मायेनं म्हणाला, "गुरुजी, पायजे तितले घेऊन जा."

मुलं हसली, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला हात जोडले आणि पुन्हा खाली वाकले.

* * *

बाकीच्या नमुन्यांचा अहवाल आला. वरच्या सगळ्या दगडांना पाणी लागलेलं निघालं, म्हणजे सरांचा अर्धा अंदाज बरोबर. सरांनी नागपूरच्या एका तरुण संशोधकाला तो दाखवला. त्यानं शांतपणे पाहिला आणि विचारलं, "सर, पुढचं सगळं दिसतंय. पण सुरुवात कुठे आहे?"

सर म्हणाले, "शेलूबाजारजवळ."

त्याला वाटलं, सर थट्टा करताहेत.

लडाखला पुन्हा जायला डॉक्टरांनी मनाई केली. लेख तसाच राहिला. पुढे दुसऱ्यांनी दुसऱ्या समुद्रांचे दगड तपासून हीच गोष्ट मांडली. सर ते सगळं वर्गात मन लावून शिकवायचे, स्वतःचं नाव न घेता. मागच्या बाकावर बसून ऐकताना माझा जीव तुटायचा.

* * *

मागच्या हिवाळ्यात सरांना मंगरूळपीरला एका लग्नाला न्यायचं होतं. लग्न आटोपलं तेव्हा म्हणाले, "शेलूबाजारवरून जाऊ." रस्ता लांबचा होता, तरी मी गाडी तिकडे वळवली.

चढ आता ओळखू येत नाही. रस्ता रुंद झालाय, टेकडी आणखी कापली गेलीय, उतारावर भराव पडलाय. गुडघ्यांमुळे सरांना खाली उतरता येईना. ते कडेलाच काठी टेकून बसले आणि हाताला लागतील ते दगड पाहू लागले. एकाला जीभ लावली, कारण ओल्या दगडातले कण नीट दिसतात. बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग दगड आणि भिंग दोन्ही माझ्याकडे दिलं.

"पाह्य बरं. माहे डोळे आता भरोशाचे नाही राह्यले."

मी पाहिलं. दगडात पांढऱ्या खनिजानं भरलेले बारीक बुडबुडे होते, आपल्याकडच्या कोणत्याही बांधावरच्या दगडात असतात तसे. सर माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी म्हणालो, "सर, हाच आहे."

सरांनी हात पुढे केला. दगड परत घेतला, हातरुमालात नीट गुंडाळला आणि माझा खांदा धरून गाडीत येऊन बसले. दगड मांडीवर ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवले.

"परीक्षेत असं उत्तर लिवलं असतं," सर समोर पाहत म्हणाले, "तं नापास केलं असतं मी तुले. चाल, गाडी काढ."