नाझऱ्यांचा आकाशकंदील

नाव : गुंडोराव स्वामीराव नाझरे. वय एकसष्ट, उंची पाच फूट चार इंच, राहणार हनुमंतनगर, बेंगळूर. मातृभाषा मराठी (चार पिढ्यांपूर्वी सोबत आणलेली). हुद्दा : निवृत्त ज्येष्ठ निरीक्षक, वीजमीटर तपासणी विभाग. एकूण सेवा तेहतीस वर्षे. या काळात तपासल्यावाचून एकाही मीटरवर शिक्का मारल्याची नोंद नाही.

१९९५ साली सदर इसमाच्या घरी जावयाची पहिली दिवाळी होती.

जावई उल्हास तसा गरीब स्वभावाचा. प्रश्न त्याच्या आईचा होता. मे महिन्यात, लग्नाच्या पंगतीत, शुभदाबाईंनी सारूची, म्हणजे कानडी आमटीची, वाटी बाजूला सरकवत अगदी मायेनं म्हटलं होतं, "तुम्ही लोक म्हणजे आता तसे कानडीच, नाही का?" आणि त्या जिलबीकडे वळल्या. गुंडोराव मात्र पाच महिने त्या वाक्यापाशीच बसून होते. आपली क्षमा पुण्यात जन्मभर 'ती कानड्यांची' म्हणून नांदणार, हे त्यांना काही केल्या गिळवेना.

आता शुभदाबाई म्हैसूर बघायच्या निमित्तानं मुलासुनेबरोबर येणार होत्या. क्षमानं पत्रात लिहिलं होतं, 'सासूबाई विचारत होत्या, तुमच्याकडे आकाशकंदील लावतात का गं?'

नाझऱ्यांकडे आकाशकंदील कधीच लागला नव्हता. गल्लीत सगळे कंपाउंडच्या भिंतीवर पणत्या मांडत; नाझरेही मांडत. गुंडोरावांनी उलट टपाली कळवलं, 'अर्थात. पूर्वापार.' आणि मग तो कसा असतो ते बघायला कपाटातलं एक जुनं मराठी कॅलेंडर काढलं. त्यात आठ कोनांचा, भगवा, खाली झिरमिळ्या असलेला एक होता.

चिकपेठेत तसा कुणाकडेच नव्हता. दिव्यांच्या माळा होत्या. गुंडोराव प्रत्येक माळेची वायर बोटांतून सरकवत, होल्डर हलवून बघत आणि किती वॅटची म्हणून विचारत. दोन दुकानदार भूक न लागताच जेवायला उठले. तिसऱ्या, वेणुगोपालनं मात्र माळ्यावरून एक खोका काढला. गेल्या डिसेंबरातली उरलेली, जाड चकचकीत पुठ्ठ्याची, पाच टोकांची पांढरी चांदणी.

"हे नाताळचं, वेणुगोपाल."

"सार, आत बल्ब घाला," वेणुगोपाल कन्नडमध्ये म्हणाला, "बल्बाला सण कुठं कळतो?"

युक्तिवाद पटण्यासारखा नव्हता, पण दुसरा मालही नव्हता. चांदणी वर्तमानपत्रात गुंडाळून, गल्लीतल्या कुणाला दिसणार नाही अशा बेतानं घरी आली.

पुढचे तीन दिवस गुंडोराव तिचा धर्म बदलण्यात गुंतले होते. टोकाटोकांमध्ये बांबूच्या काड्या ताणल्या, वरून भगवा कागद चढवला, पाचाचे आठ कोन केले, खाली झिरमिळ्या लावल्या. खळ सावित्रीबाईंनी शिजवली.

"अहो, पुरे करा की आता. स्वल्प जेवून तरी घ्या."

"त्या बाईंना ओळखत नाहीस तू. खालून बघतील."

"बघू देत. जावई दिवाळीला येतोय का तपासणीला?"

"जावई दिवाळीला," गुंडोराव म्हणाले. "त्या तपासणीला."

धनत्रयोदशीला दुपारी कंदील चढला. गच्चीतून बांबू काढला, ओळंबा सोडून तो सरळ असल्याची खातरी केली, वायर थेट मीटरच्या बोर्डावरून आणली, सांधे टेस्टरनं दोनदा तपासले. दिवा लागला. खालून, वरून आणि समोरच्या फुटपाथवरून पाहिलं तरी ती वस्तू नि:संशय मराठी दिसत होती.

साडेचारला बेंगळूरचा पाऊस आला. दहाच मिनिटं आला. सावित्रीबाईंची खळ मैद्याची होती आणि मैद्यानं मैद्याचं काम केलं. आधी झिरमिळ्या गेल्या, मग आठातले तीन कोन. गुंडोराव शिडी आणायला वळले तोच भगवा कागद अख्खा निसटून तुळशीवर बसला, आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

वर पांढरी, पाच टोकांची चांदणी न्हाऊनमाखून झगझगत होती.

शुभदाबाई उतरल्या. वर बघितलं. गुंडोरावांनी हात जोडले ते नमस्कारासाठी की क्षमेसाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अगंबाई, चांदणी!" शुभदाबाई म्हणाल्या. "उल्हास, बघ, आपल्याकडे आहे तश्शीच! आमच्या अख्ख्या आळीत चांदण्याच आहेत हो. ते जुने अष्टकोनी आता कोण लावतंय?"

क्षमानं बापाकडे पाहिलं. बाप तुळशीवरच्या भगव्या लगद्याकडे पाहत होता.

"तुळशीवर काय पडलंय?" शुभदाबाईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांचा पतंग," सावित्रीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना आत घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी शुभदाबाईंनी सारूची वाटी दोनदा मागून घेतली आणि कुणाला कानडी म्हटलं नाही. गुंडोराव बऱ्याच दिवसांनी पाठ टेकून बसले.

सकाळी नऊला, चांगल्या लख्ख उन्हात, शुभदाबाई कॉफीचा पेला घेऊन अंगणात आल्या. वर चांदणी जळत होती.

"व्याहीबुवा, दिवसासुद्धा?"

गुंडोरावांनी घसा साफ केला. "आमच्यात पाचही दिवस अखंड असतो. विझवत नाहीत."

"खरंच?" शुभदाबाई वर बघत राहिल्या. मग मान हलवून त्यांनी आत हाक मारली, "क्षमा, अगं हे तू सांगितलं नाहीस कधी! बघ रे उल्हास, इतक्या लांब येऊन या लोकांनी किती जपलंय. आपण पुण्यात असून सगळं सोडून दिलं. पुढच्या वर्षीपासून आपल्याकडेही अखंड ठेवायचा."

"सरी, सरी," गुंडोराव नकळत कन्नडमध्ये म्हणाले.

कंदिलाला बटण बसवायचं राहून गेलं होतं.