उरलं तर देऊ

महामारीपुढे सगळी माणसं समान असतात. हे वाक्य आमच्या संकुलाच्या सूचनाफलकावर होतं, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. त्याच्या खाली दुसरी सूचना होती : घरकामाला येणाऱ्यांनी व वॉचमननी लिफ्ट वापरू नये. दोन्ही कागद मीच लावले होते. पहिल्याला चार टाचण्या लागल्या, दुसऱ्याला दोन.

आमचं संकुल म्हणजे ज्याच्या फाटकावर मी बसतो ते. मीरा रोडला आहे. मी राहतो भाईंदर पूर्वेला, खारीच्या बाजूला, एका खोलीत.

त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये लसीकरणाचा कॅम्प होता. एका खाजगी हॉस्पिटलची माणसं आली होती. खुर्च्या मी मांडल्या. फरशीवर खडूने सहा-सहा फुटांवर गोल काढले. येईल त्याच्या कपाळावर तापमानाचं पिस्तूल धरलं. दारातली यादीही माझ्याच हातची होती, कारण माझं अक्षर चांगलं आहे. एकशे एकोणीस नावं. त्यात माझं नव्हतं. माझं वय सहासष्ट. "सीनियर सिटिझनना आधी सोडा" म्हणून खुर्चीतून ओरडणाऱ्या निम्म्या लोकांपेक्षा मी मोठा होतो आणि उभा होतो.

साडेचारला गर्दी संपली. सिस्टरने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, एक डोस शिल्लक आहे. एका बाटलीत दहा जणांची लस असते. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सेक्रेटरींनी मला हाक मारली. म्हणाले, काका या, तुमचं नशीब.

मी बसलो. युनिफॉर्मच्या शर्टाचं बटण काढून बाही वर केली. सिस्टरने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. बरोबर त्यांचा भाऊ, बोरिवलीहून आलेला, पन्नाशीच्या आतला. ताईकडे कॅम्प आहे कळलं म्हणून आला होता. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, दो मिनिट उठो ना."

सिस्टरने सेक्रेटरींना विचारलं, "इनको बिठाया था ना आपने?"

सेक्रेटरी हसले. "काका तर घरचेच आहेत. त्यांचं काय, पुढच्या वेळी उरलं तर देऊ."

मी उठलो. हे लिहायलाच हवं. दोन मिनिटं म्हटलं होतं म्हणून बाजूला उभा राहिलो, बाही वर केलेलीच. भावाला टोचून झालं. नंतर अर्धा तास बसून राहायचं असतं, तेव्हा त्याला पाणी मीच नेऊन दिलं. माझ्या दंडावरचं स्पिरिट उडालं तेव्हा रुपयाएवढी जागा गार पडली. त्या कॅम्पमध्ये मला मिळालं ते तेवढं.

राग आला का, असं नंतर एकाने विचारलं. नाही आला. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जसा दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच दुसऱ्या कुणाचा तरी झालो होतो. त्या अवस्थेत खुर्च्या मोजून आत ठेवल्या. एकही कमी नव्हती.

काका म्हणतात मला. वयाने चूक नाही. पण रात्रपाळीवाला पस्तीस वर्षांचा आहे, त्यालाही काकाच म्हणतात. म्हणजे ते नातं नाही, हुद्दा आहे.

वॉचमन होण्याआधी एकतीस वर्षं मी मुंबईतल्या एका ग्रंथालयात शिपाई होतो. पुस्तकं कपाटातून काढायची, परत लावायची. दुपारी वाचक जेवायला गेले की मी वाचायचो. चरित्रं वाचली, इतिहास वाचला, समतेवरची जाड पुस्तकं वाचली. त्यातली काही आमच्या ट्रस्टींनी लिहिलेली होती. ते मला त्यांच्या पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. पुस्तकांना लावू देत. त्या नोकरीत एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. नवीन पुस्तक आलं की आधी दाखल रजिस्टरात नोंद, नंबर, मगच कपाट. नोंद नसलेलं पुस्तक हरवलं तर ते कुणी शोधत नाही. ते नव्हतंच.

लस मला हवी होती ती सुमनसाठी. सुमन माझी बायको. तिला दमा आहे, जुना. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं की हिला हा रोग झाला तर मला फोन करू नका, काही करता येणार नाही. आणि मी दिवसभर दोनशे माणसांच्या तोंडासमोर पिस्तूल धरून तिच्याकडे परत जात होतो. खोली एकच. तिच्यापासून सहा फूट लांब झोपायचं तर मला भिंतीत झोपावं लागलं असतं.

सरकारी नोंदणी फोनवर होती. शेजारच्या सुनेने आमची नावं घातली. जन्मतारीख विचारली, मी एक जून सांगितली. सुमनचीही एक जून. सून हसली. आमच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजी एक जून लिहीत. एवढी माणसं एकाच दिवशी जन्माला आली तरी कुणाला संशय आला नाही. मग पिनकोड टाकायचा. केंद्राचं नाव हिरवं दिसायचं, बोट लागेपर्यंत लाल, भरलेलं. रोज. सुनेची बोटं वीस वर्षांची होती, तरीही. एकदाच लागलं, तर केंद्र पालघरच्या पलीकडे, आणि ट्रेनमध्ये आम्हाला चढायची परवानगी नव्हती.

म्हणून कॅम्पवर आशा होती. त्या दिवशी घरी गेलो. सुमनने विचारलं, झालं का? म्हटलं, संपली. तिने बाहीकडे पाहिलं. चुरगळलेली होती. तिने ताट घेतलं. भात वाढला.

जेवताना मला शाळेची पायरी आठवली. मी सात वर्षांचा असेन. रायगडातलं आमचं गाव. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला होता. शाळेच्या ओट्यावर बसला. गावातली पोरं ओट्यावर चढून दंड पुढे करत होती. आम्हा वस्तीतल्या पोरांना खाली उभं केलं होतं, पायरीच्या उन्हात. वरची सगळी संपली मग तो खाली उतरला. नळीत थोडी लस राहिली होती. परत नेऊन काय करणार? सगळ्यांना दोन-दोन टोचे होते, मला चार मारले. मी शेवटचा होतो. ते चार वण अजून आहेत. सिस्टरने बोळा फिरवला तो त्यांच्यावरूनच.

आणि त्याच्याही आधीचं, जे मला आठवत नाही, सांगितलेलं आहे. माझा बाप सणाच्या दुसऱ्या दिवशी बांबूची पाटी घेऊन गावात जायचा. दारात उभं राहून म्हणायचं, उरलं असेल तर वाढा. मी चालायला लागलो त्या सुमाराला वस्तीने बैठक घेऊन ठरवलं, उद्यापासून उरलेलं आणायचं नाही. बापाने घरी येऊन पाटी मोडून चुलीत घातली. आई सांगायची, त्या पाटीच्या जाळावर भात शिजला. मग म्हणायची, भात पण थोडाच होता.

महिन्याभराने दुसरा कॅम्प लागला. सेक्रेटरींनी कोरे कागद दिले, यादी करा म्हणाले. मी विचारलं, माझं आणि बायकोचं नाव घालू का? त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, यादी मेंबरांची आहे. तुमचं असंच करून टाकू की.

असंच. म्हणजे नोंद नाही, नंबर नाही.

मी यादी लिहिली. अठ्ठ्याण्णव नावं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी दोन डोस उरले. सेक्रेटरी या वेळी खरोखर चांगल्या मनाने आले होते, हेही लिहायला हवं. म्हणाले, काका, काकूंनाही बोलावून घ्या, अर्धा तास आहे. मी बाजूला जाऊन सुमनला फोन लावला. म्हटलं, दोन डोस उरलेत, रिक्षा करून ये.

ती म्हणाली, "आपलं नाव हाय का यादीत?"

"नाही. उरलेत."

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. तो दुरूनही शिट्टीसारखा वाजतो.

"मग तुमाला घ्यायचं तर तुमी घ्या. मी न्हाय येत. मामंजींनी पाटी जाळली ती काय थंडी वाजत होती म्हणून?"

फोन ठेवला तिने. मग दंड दुखायला लागला. सुई न लागता. महिनाभर जिथे काहीच कळत नव्हतं, तिथे.

मी टेबलाजवळ गेलो. बटण काढलं नाही.

"साहेब, आमची नावं यादीत लिहा. मग टोचून घेतो."

"अहो काका, लस तीच आहे. नावाने काय फरक पडतो?"

"काही पडत नसेल तर लिहा."

"यादी मेंबरांची आहे, सांगितलं ना."

"मग राहू दे. उरलेलं आमच्या घरात बंद झालंय. साठएक वर्षं झाली."

सिस्टरने घड्याळ पाहिलं. सेक्रेटरी बाजूच्या माणसाला म्हणाले, काकांना इगो आहे हो. तो माणूस हसला. मला तो शब्द पुस्तकांतून माहीत होता. आमच्याकडे असेल असं वाटलं नव्हतं. वेळ संपल्यावर सिस्टरने बाटली लाल पिशवीत टाकली. त्यात दोन माणसं होती, सुमन आणि मी.

मूर्खपणा होता का? रस्ताभर मी स्वतःला तेच विचारलं. गोल्डन नेस्टच्या चौकात पोलिसाने कुठे निघालात विचारलं, त्याला ओळखपत्र दाखवून पुढे निघालो. सुमन त्या रोगाने गेली असती तर मी हे लिहिलं नसतं. मान नाकातून आत घेता येत नाही. तिचा दम्याचा पंप घेता येतो, आणि त्यात किती फवारे उरलेत ते मला रोज माहीत असायचं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही महापालिकेच्या केंद्रावर जाऊ लागलो. तिथे साठीच्या वरच्यांना नुकतंच नोंदणीशिवाय घ्यायला लागले होते, पण रांग उजाडायच्या आधी लागायची. पहिल्या दिवशी लस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी टोकन आमच्यापुढे सहा माणसं असताना संपली. सुमन भिंतीला टेकून, वर्तमानपत्र घालून खाली बसली होती, पंप मुठीत. नाही म्हटलं मी. तीन सकाळी पाय मोडले ते तिचे. मी एकदा म्हटलं, तुझं तरी घेऊन टाकायला हवं होतं. ती म्हणाली, गप बसा, श्वास कमी हाय, वाया घालवू नका माझा.

तिसऱ्या दिवशी नंबर आला. टेबलामागे एक मुलगी होती, मास्कवर मास्क लावलेली. समोर जाडं रजिस्टर, दोऱ्याने बांधलेलं पेन. "नाव सांगा आजोबा."

सुमनचं आधी सांगितलं. त्रेचाळीस. मग माझं. चव्वेचाळीस. मी टेबलाच्या या बाजूने उलटं वाचून खात्री करून घेतली. ती म्हणाली, बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायचं कारणही नव्हतं. सुमनला संध्याकाळी ताप आला, सकाळी गेला.

नोकरी जाईल असं वाटलं होतं. फाटकावरची माझी पुस्तकं पिशवीत भरूनही ठेवली होती. गेली नाही. पुढच्या कॅम्पच्या वेळी सेक्रेटरी पुन्हा कोरे कागद घेऊन आले. मी कागद टेबलावर ठेवले आणि पेन खिशातच राहू दिलं. त्यांना सांगितलं : ज्या यादीत माझं नाव बसत नाही, ती यादी माझ्या हातून लिहिली जाणार नाही. फाटक उघडीन, खुर्च्या मांडीन, पगार त्याचा आहे. अक्षर माझं आहे. त्यांनी कागद उचलले. मग यादी कॉम्प्युटरवर काढली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून दिवाळीनंतर येणारा फराळाचा डबाही मी फाटकावरून परत पाठवतो. झाकण न उघडता. हे आता असंच राहील. मी असेपर्यंत, आणि सुमन असेपर्यंत तर नक्कीच.

पावसाळा संपताना संकुलाच्या दर्शनी भिंतीवर मोठा फलक लागला : शंभर टक्के लसीकरण झालेलं संकुल. त्या शंभरात आम्ही पाच वॉचमन धरलेले नाहीत, घरकामाच्या बायकाही नाहीत. फलक लावताना शिडी मी धरली होती. वर चढलेल्या माणसाने विचारलं, सरळ आहे का? मी हो म्हटलं.

फलक डावीकडे चार बोटं खाली आहे.