आमेननंतर

आमची लेक तापाने गेली, तेव्हापासून चर्चमधल्या प्रार्थनेत 'देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की माझी बायको, रूथ, ओठ मिटून घ्यायची. मीही ती ओळ घाईघाईने उरकायचो.

आज सगळ्यांचं आमेन म्हणून झालं आणि मागाहून तिचा एकटीचा आवाज आला, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, देवा." मग ती ओक्साबोक्शी रडली. देवाला शरण गेलं की मन शांत होतं, असं मला वाटायचं. तिचं रडणं तर थांबेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरं वाटतंय?"

"नाही हो," ती म्हणाली. "पण आता रडायला त्याच्यापाशी जाता येईल. इतके दिवस अबोला होता ना."